माळ्यावरून गेलेल्या फायलींचा हिशेब

प्रश्न : अंधेरीत आमची छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. दर दिवाळीला गाळ्याचा माळा रिकामा होतो, पण रद्दीत काय गेलं याची नोंद नसते. जीएसटीच्या चौकशीत जुनी बिलं मागितली, तेव्हा ती रद्दीत गेली की हरवली हे कुणालाच सांगता आलं नाही. नोंद कशी ठेवावी?

उत्तर : रद्दीवाला खाली उभा असताना यादी होत नाही. खोकं माळ्यावर चढतं त्याच दिवशी ती करा. प्रत्येक खोक्याला क्रमांक द्या आणि खोकं नष्ट झालं तरी तो पुन्हा वापरू नका. वही बांधीव हवी, पानांवर छापील आकडे असलेली. एक्सेल शोधायला बरं, पण त्यातली नोंद कुणी मागाहून बदलली तर सहज कळत नाही.

नोंद अशी : 'खोकं ४३. विक्री बिलं ५०१ ते ११४०, एप्रिल ते सप्टेंबर २०१८. फायली ६. १ एप्रिल २०२७ आधी फाडू नये.' नुसतं 'जुनी बिलं' लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं.

ही तारीख कशी काढली? जीएसटीत वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने कागद ठेवावे लागतात. २०१८-१९ची मुदत वाढत वाढत ३१ डिसेंबर २०२० झाली होती, म्हणजे ३१ डिसेंबर २०२६पर्यंत. कंपनी कायद्यात चालू वर्षामागची ८ आर्थिक वर्षं, म्हणजे ३१ मार्च २०२७पर्यंत. उशिराची तारीख धरायची. आयकराची मुदत सीएकडून पडताळून घ्या. त्या वर्षाचं अपील किंवा तपास चालू असेल तर खोक्याला लाल पट्टी लावा, मुदत संपली तरी हात लावू नका. सभांच्या इतिवृत्ताच्या वह्या कायमच्या, त्या या खोक्यांत जाताच कामा नयेत.

फाडायच्या दिवशी त्याच ओळीत पुढे तारीख, पद्धत, परवानगी कुणाची आणि दोघांच्या सह्या. काम बाहेर दिलंत तर प्रमाणपत्रावर खोक्यांचे क्रमांक मागा. '२१० किलो कागद' अशी पावती फक्त वजन सांगते. नुसत्या लांब पट्ट्या कापणारं मशीन घेऊ नका, पट्ट्या जुळवता येतात. स्कॅन किंवा टॅलीचा बॅकअप कुठे आहे तेही लिहा. अकाउंटंटच्या पेनड्राइव्हवर प्रत असताना नुसतं 'नष्ट' लिहिणं अर्धवट आहे.

आधीच गेलेल्या फायलींसाठी मागची तारीख टाकून नोंद करण्याचा मोह होईल. करू नका. आजच्या तारखेनं लिहा : 'शोध घेतला, आढळत नाही, नष्ट केल्याचा पुरावा नाही.' चौकशीत ही ओळ लंगडी वाटेल, पण बनावट नोंदीपेक्षा कितीतरी बरी.

प्रश्न : कुर्ल्याच्या आमच्या गोदामात पाणी शिरून हिशेबाची खोकी भिजली. नष्ट म्हणून लिहून टाकू का?

उत्तर : नाही. 'पाण्याने बाधित' हा रकाना वेगळा ठेवा, कारण ही खोकी तुम्ही ठरवून फाडलेली नाहीत. खोकी हलवण्याआधी क्रमांक दिसतील असे फोटो काढा. विमा असेल तर सर्वेक्षक येईपर्यंत काही फेकू नका. गेलेली बिलं ग्राहकांच्या प्रतींवरून आणि बँकेच्या खातेउताऱ्यावरून जुळवा, आणि कुठलं बिल कशावरून जुळवलं ते त्याच ओळीत लिहा.