इतके प्रचंड ओबेलिस्क त्या काळच्या माणसांनी खरंच उभारले असतील का? ते होते कशासाठी आणि रोम-लंडनला पोचले कसे?

तुमच्या प्रश्नातला ‘खरंच’ हा शब्द टोचला म्हणून लिहायला बसलो. नाहीतर मी इथे नुसता वाचणारा माणूस.

ओबेलिस्क म्हणजे प्राचीन इजिप्तमधला, वर निमुळता होत जाणारा, एकाच दगडाचा चौकोनी उंच खांब. ‘कशासाठी’ ते आधी उरकतो. सूर्यदेव रे याच्यासाठी. देवळाच्या दाराशी जोडीने उभे करायचे, चारी अंगांना राजाची बिरुदं कोरायची आणि टोकाच्या छोट्या पिरॅमिडला सोन्याचा किंवा सोनं-चांदीच्या मिश्रणाचा पत्रा चढवायचा. उगवतीचं ऊन पहिल्यांदा तिथे लखलखायचं. ओबेलिस्क हे नाव ग्रीकांचं, अर्थ मांस भाजायची लहान सळई. अरबीत मिसल्ला म्हणतात, म्हणजे गोणी शिवायची मोठी सुई, आपलं दाभण. झालं.

आता ‘खरंच’चं बघू.

माझे वडील पाथरवट. गाव फलटणच्या बाजूला. जाती, पाटे-वरवंटे, उखळं, क्वचित एखाद्या देवळाच्या पायऱ्या. शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्याबरोबर गावोगाव ‘पाट्याला टाकी लावायची का’ ओरडत हिंडायचो. नवा दगड घेताना आप्पा आधी हातोडीने वाजवून बघायचे. खणखणीत वाजला तर घ्यायचा. बद्द वाजला तर कितीही देखणा असो, तिथेच सोडायचा. “आत चीर हाय. आज न्हाई तर उद्या घात करंल.”

माझे साडू मेकॅनिकल इंजिनियर. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत त्यांनी चारचौघांत विचारलं होतं, “तुमचे वडील स्टोनच्या बिझनेसमध्ये ना?” आणि हसले होते. मीही हसलो. त्याला वीस वर्षं झाली, पण विसरलो नाही, हे खोटं कशाला बोलू.

तर आम्ही दोन्ही कुटुंबं टूर कंपनीबरोबर इजिप्तला गेलो. अस्वानच्या खाणीत तो प्रसिद्ध अर्धवट ओबेलिस्क आहे. सुमारे ४२ मीटर लांब, वजन हजार टनांच्या वर. तीन बाजू मोकळ्या केलेल्या, पोट अजून खडकाला चिकटलेलं. पुरा झाला असता तर इजिप्तमधला सगळ्यात मोठा ठरला असता. साडूंनी टीव्हीवर परग्रहवासीयांचे कार्यक्रम भरपूर पाहिलेले. दोन्ही बाजूंच्या चरांत चमच्याने दही काढावं तसे खळगे आहेत, ते दाखवत म्हणाले, “बघा, लोण्यासारखा कापलाय. छिन्नी-हातोड्याचं काम नाही हे.”

नाहीच ते छिन्नीचं काम. ग्रॅनाइटवर तांब्याची छिन्नी टिकत नाही. हे काम गोळ्यांचं आहे. डोलेराइट नावाच्या काळ्या दगडाचे, दोन्ही हातांत मावतील असे चार-पाच किलोंचे गोळे खाणीत अजून पडलेले आहेत. डोलेराइट म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचा सख्खा चुलतभाऊ. मी एक उचलला आणि वजनावरूनच ओळख पटली. तिथल्या रखवालदाराच्या हातावर थोडे पैसे ठेवले, त्याने बाजूचा एक पडीक खडक दाखवला, आणि मी उकिडवा बसून ठोकायला लागलो. गोळा उचलायचा, सोडायचा. कापत काही नाही, दगडाचा वरचा थर चुरतो. पाच मिनिटांत कोपरापर्यंत मुंग्या आल्या आणि गुलाबी पीठ निघालं, चिमूटभर.

साडू खूश. “चिमूटभर! आणि यावर बेचाळीस मीटर?”

मी म्हटलं, “एका माणसाचं पाच मिनिटांचं काम आहे हे. शंभर-सव्वाशे माणसं शेजारी शेजारी बसवा आणि महिनोन्‌महिने रोज ठोकायला लावा. पुढचा गुणाकार इंजिनियरने करावा.” त्या खळग्यांची रुंदीही बघा, एकेक खळगा एका माणसाच्या बसण्याएवढा आहे. ज्याची त्याची जागा वाटून दिलेली. इजिप्तच्या प्राचीन वस्तूंचा अभ्यासक रेजिनाल्ड एंगलबाख याने १९२२ मध्ये या दगडावर पुस्तक लिहिलं, तेव्हा त्यानेही स्वतः गोळा घेऊन ठोकून पाहिलं होतं.

पण मी थांबलो ते भेगेपाशी. ओबेलिस्क अर्धवट राहिला तो भेग निघाली म्हणून. एवढे महिने ठोकून झाल्यावर कुणाला तरी ती पहिल्यांदा दिसली असेल, आणि ते मुकादमाला जाऊन सांगावं लागलं असेल. याहून भारी गोष्ट पुढे आहे. त्यांनी लगेच हात झटकले नाहीत. यातूनच जरा लहान ओबेलिस्क निघतो का ते पाहिलं, त्या आखणीच्या खुणा दगडावर आहेत. जात्याची तळी फुटली की आप्पा त्यातून खलबत्ता काढायचे, तीच ही अक्कल. लेझर घेऊन आकाशातून आलेल्याला असली काटकसर सुचेल का? आणि चीर असलेला दगड तो निवडेल का?

“मग उचलला कसा?” हे साडूंचं पुढचं. तेच तुमचंही.

इजिप्तची राणी हत्शेप्सुत हिने दैर अल-बहारीच्या देवळात चित्रच कोरून ठेवलंय: मोठ्या पडावावर आडवे ठेवलेले दोन ओबेलिस्क आणि पुढे ओढणाऱ्या होड्यांच्या रांगा. कर्नाकच्या देवळात तिचा एक अजून उभा आहे, साडेएकोणतीस मीटर, सव्वातीनशे टन, एकसंध. खालच्या लेखात ती म्हणते, सात महिन्यांत काम पुरं केलं. राजेलोकांच्या लेखांतून थोडी बढाई वजा करावी लागते, पण महिने मोजून ठेवणं मला माणसाचंच लक्षण वाटतं.

त्याहून पक्का पुरावा रोममध्ये आहे. व्हॅटिकनचा ओबेलिस्क, साधारण कर्नाकच्याच वजनाचा, डोमेनिको फोंताना या वास्तुकाराने १५८६ साली एप्रिल ते सप्टेंबरात जेमतेम पाव किलोमीटर हलवला. सुमारे ९०० माणसं, घोडे, चाळीसेक उभे रहाट, दोर. इंजिन नाही, वीज नाही. दोर तापले तेव्हा एक खलाशी “दोरांवर पाणी मारा” असं ओरडला अशी दंतकथा आहे. खरी-खोटी असो, ओला दोर आखडतो हे मोटेचा नाडा हाताळलेल्या कुणालाही सांगायला नको. आपल्याकडे फिरोजशाह तुघलकाने चौदाव्या शतकात अशोकाचा स्तंभ टोपऱ्याहून दिल्लीला आणला: सावरीच्या कापसावर आडवा घेतला, ४२ चाकांच्या गाड्यावर चढवला, मग यमुनेतून होड्यांवर. त्यालाही परग्रहावरून मदत आली होती का?

बाकी प्रवास थोडक्यात. रोमन सम्राटांनी विजयाची निशाणी म्हणून उचलून नेले. रोममध्ये आज १३ प्राचीन ओबेलिस्क उभे आहेत, त्यातले ८ इजिप्तचे. पॅरिसचा १८३६ मध्ये उभा राहिला आणि चौथऱ्यावर तो उभारण्याच्या यंत्रांच्या सोनेरी आकृत्या आहेत, त्या जरूर बघा. लंडनला १८१९ मध्ये भेट म्हणून दिलेला न्यायला इंग्रजांना साठ वर्षं लागली, खर्च कुणी करायचा म्हणून. शेवटी लोखंडी नळकांड्यात घालून ओढत नेताना बिस्केच्या उपसागरात वादळ आलं आणि सहा खलाशी बुडाले. १८७८ मध्ये तो थेम्सकाठी उभा राहिला. वॉशिंग्टनचं १६९ मीटरचं स्मारक आणि आपल्या कोरेगाव भीमाचा जयस्तंभ, जिथे बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला गेले होते, दोन्ही याच घाटाचे, पण जोडकाम. एकसंध नव्हेत.

आता एक कबूल करतो. मूळ इजिप्शियनांनी शेवटी उभा नेमका कसा केला, त्याचा तपशील कुठे कोरलेला नाही. उतारावरून ओढत नेऊन वाळूच्या खड्ड्यात बूड सोडलं आणि वाळू खालून काढत गेले, हा एक अंदाज. म्हणजे साडूंचा तेवढा प्रश्न शिल्लक आहे. माणूस वाईट नाही हो. आप्पा गेले तेव्हा सगळ्यात आधी तेच पोचले होते.

तुमच्याही घरात असं कुणी असेल तर व्हिडिओ पाठवत बसू नका. अस्वानला सकाळी लवकर न्या आणि हातात गोळा द्या. आमच्या साडूंपुढे मी धरला होता. कंबरेचं कारण सांगून त्यांनी तो घेतला नाही.