कोवळं ऊन तुम्ही कधी घ्यायचं आणि बाबांनी कधी, हे वेगळं आहे (उत्तर जरा लांबलंय)

प्रश्न वाचला तेव्हापासून लिहायचं डोक्यात होतं, आता निवांत बसलेय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की पुण्याजवळ वाकडला फ्लॅट, वर्क फ्रॉम होम, रात्री दोनच्या आधी झोप येतच नाही आणि सकाळी अलार्म नसला तर साडेनऊशिवाय जाग येत नाही. बाबा सत्तरीचे, ते साडेसातलाच टीव्हीसमोर पेंगायला लागतात आणि पहाटे साडेतीनला टक्क जागे. दोघांचंही व्हिटॅमिन डी कमी निघालं, आणि आता नातेवाईक, शेजारी सगळे सांगतायत की दोघांनी सकाळी सहा-साडेसहाला टेरेसवर जाऊन कोवळं ऊन घ्या, डी पण वाढेल आणि झोप पण लागेल.

मी बरीच वर्षं स्टाफ नर्स होते, मॉर्निंग, इव्हिनिंग, नाइट अशा फिरत्या ड्युट्या केल्यात, त्यामुळे झोप आणि उजेड हा विषय मला फार जवळचा आहे. म्हणून आधीच स्पष्ट सांगते, सहा-साडेसहाचं ते ऊन तुम्हाला सध्या उपयोगाचं नाही, बाबांचा त्रास त्याने वाढू शकतो, आणि डी तर दोघांनाही त्यातून जवळपास काहीच मिळणार नाही. सल्ला देणारी माणसं मायेनेच सांगतात पण यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात.

डी तयार होतं कातडीत, उन्हातल्या अतिनील बी किरणांमुळे, आणि ते किरण सूर्य खाली असताना हवेच्या जाड थरात अडकतात. म्हणून कोवळ्या उन्हात ते नसल्यातच जमा. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते तेव्हा डी बनतं असा साधा हिशोब लक्षात ठेवा, म्हणजे आपल्याकडे साधारण दहा-साडेदहा ते तीन. काचेच्या आड बसून तर काहीच होत नाही कारण खिडकीची काच ते किरण गाळते, त्यामुळे गॅलरीला स्लायडिंग लावून आत खुर्ची टाकून बसणाऱ्यांना ऊब मिळते, डी नाही. आपली सावळी कातडी असल्याने गोऱ्या लोकांपेक्षा वेळही जास्त लागतो. रिपोर्टमध्ये बरंच कमी असेल तर नुसत्या उन्हावर राहू नका, डॉक्टर देतील तो डोस घ्या, पण ती ६०,००० युनिटची पावडर मनाने महिनोन्महिने घेत बसू नका, डी शरीरात साठतं आणि जास्त झालं की कॅल्शियम वाढून किडनीला त्रास होतो. डीचं इथे संपवते.

झोपेचा मामला कातडीचा नाही, डोळ्याचा आहे. मेंदूत, डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या बरोबर वर, साधारण वीस हजार पेशींचा एक बारका पुंजका आहे, तो शरीराचं मुख्य घड्याळ. (पेशींच्या आतलं हे घड्याळ कसं चालतं ते फळमाशीत शोधल्याबद्दल २०१७ चं नोबेल हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना मिळालं.) माणसाचं हे घड्याळ बरोबर चोवीस तासांचं नसतं, सरासरी थोडं जास्त, चोवीस तास आणि दहा-बारा मिनिटं. म्हणजे त्याला रोज उजेडाने मागे ओढून जुळवावं लागतं, नाहीतर ते हळूहळू उशिराकडे सरकत जातं. हा उजेड कळण्यासाठी डोळ्याच्या पडद्यात वेगळ्याच पेशी आहेत, त्यात मेलानॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं आणि त्या निळसर उजेडाला सगळ्यात जास्त प्रतिसाद देतात, २००२ च्या सुमाराला हे नीट सिद्ध झालं. चित्र बघायच्या पेशी निराळ्या. काही अंध माणसांना काहीच दिसत नाही तरी त्यांचं शरीर उजेडाने दिवस-रात्र ओळखतं ते याच पेशींमुळे, हे वाचलं तेव्हा मी खरंच थक्क झाले होते.

आता मुख्य मुद्दा, आणि हाच कुणी सांगत नाही. तोच उजेड वेगळ्या वेळी मिळाला तर उलटं काम करतो. नेहमीच्या जाग येण्याच्या वेळेआधी साधारण दोन-तीन तास शरीराचं तापमान सगळ्यात खाली जातं. त्यानंतर मिळालेला उजेड घड्याळ अलीकडे आणतो, म्हणजे पुढच्या रात्री झोप लवकर. त्याच्या आधी, म्हणजे संध्याकाळी उशिरा आणि रात्री मिळालेला उजेड घड्याळ पुढे ढकलतो, झोप अजून उशिरा.

हे तुमच्या वेळांना लावून बघा. तुमची जाग साडेनऊची म्हणजे तापमान तळाला जातं सकाळी साडेसहा-सातच्या आसपास, आणि तुम्हाला सांगतायत सहाला उठून टेरेसवर जा. म्हणजे चार तासांच्या झोपेतून उठून, शरीराच्या हिशोबाने मध्यरात्रीच उजेड घ्यायचा, ज्याने घड्याळ उलट पुढे सरकण्याचीच शक्यता, आणि मग आठवडाभराने वाटणार की ऊन-बिन काही उपयोगाचं नाही. तसं करू नका. सध्या साडेनऊला उठताय ना, तर उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत बाहेर पडा, अर्धा तास तरी, चहाचा कप घेऊन खाली सोसायटीच्या बागेत फेऱ्या मारल्या तरी चालेल. ऊन कडक असेल तर सावलीत उभ्या राहा, उघड्या आकाशाखालची सावली पुरते, सूर्याकडे बघायचं तर अजिबात नाही. दोन-तीन दिवस गेले की अलार्म पंधरा-वीस मिनिटं अलीकडे आणि उजेडही तेवढाच अलीकडे. असं करत करत साडेसातवर या. सुट्टीच्या दिवशी अकरापर्यंत झोपलात तर आठवड्याची मेहनत वाया जाते, त्यामुळे शनिवार-रविवारही तीच वेळ. घाईने दीड तास एकदम अलीकडे आणायला जाऊ नका.

घरात खिडकीशी बसून चालेल का असं विचारलंय. नसल्यापेक्षा बरं, पण फरक आपल्याला डोळ्याने कळत नाही कारण डोळा जुळवून घेतो. मोबाइलवर लक्स, म्हणजे उजेडाचं माप, मोजायचं अॅप मिळतं, अगदी अचूक नसतं पण अंदाज येतो. रात्री ट्यूब लावलेल्या हॉलमध्ये शे-दोनशे लक्स असतं, चांगल्या उजेडाच्या ऑफिसात पाचशेच्या आसपास. बाहेर पावसाळी ढगाळ दिवशीसुद्धा काही हजार आणि भर उन्हात लाखाच्या घरात. खिडकीपासून चार पावलं आत आलात की आकडा धाडकन पडतो, आणि आपल्याकडे तर ग्रिल, जाळी, पडदे, वर वाळत घातलेले कपडे. मग तुमच्यासारख्या घरून काम करणाऱ्यांचा अख्खा दिवस शरीराच्या दृष्टीने संधिप्रकाशात जातो आणि रात्री मात्र डोक्यावर पांढरीशुभ्र ट्यूब. दिवसा भरपूर उजेड मिळालेला असला तर रात्रीच्या दिव्याचा परिणाम कमी होतो, हेही अभ्यासात दिसलंय, म्हणून टेबल खिडकीशी हलवा आणि दुपारच्या जेवणानंतर पुन्हा एक चक्कर मारा.

अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये केनेथ राइट यांच्या गटाने २०१३ मध्ये छापलेला एक छोटा प्रयोग मला फार आवडतो. थोड्याच लोकांना आठवडाभर डोंगरात तंबूत ठेवलं, उजेड फक्त सूर्याचा आणि शेकोटीचा, मोबाइल, टॉर्च काही नाही. आठवड्याने त्यांचं मेलाटोनिन, म्हणजे शरीराला रात्र झाली म्हणून सांगणारं संप्रेरक, साधारण दोन तास अलीकडे आलं. आणि ज्यांची झोप आधी जास्त उशिराची होती ते जास्त सरकले, म्हणजे 'मी जन्मजात घुबड आहे' म्हणणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना दिव्यांनी तसं केलेलं असतं. तुम्हाला तंबूत जायला नको, पण नऊनंतर ट्यूब बंद करून कोपऱ्यातला पिवळा दिवा लावा. बल्ब आणताना बॉक्सवर बघा, ६५०० केल्विन कूल डेलाइट असेल तो स्वयंपाकघरात ठीक, बेडरूमला २७०० ते ३००० वाला वॉर्म घ्या. मोबाइलचा नाइट मोड लावून ब्राइटनेस मात्र फुल ठेवायचा याने फार काही साधत नाही, ब्राइटनेस कमी करा.

आता बाबा. त्यांचं घड्याळ आधीच फार अलीकडे आलंय, वय वाढलं की बऱ्याच जणांचं येतं. पहाटे साडेतीनला उठून ते ट्यूब लावतात, सहाला टेरेसवर उजेडात फिरतात, आणि संध्याकाळी पाचनंतर घरात मंद उजेडात बसतात. म्हणजे अलीकडे ओढणारा उजेड सगळा मिळतो आणि पुढे ढकलणारा काहीच नाही. त्यांचं फिरणं संध्याकाळी करा, साडेपाच ते सात, मावळेपर्यंत बाहेर, मित्रमंडळी असतील तर फारच छान कारण बाकावर गप्पा मारताना पेंग येत नाही. घरी आल्यावर नऊपर्यंत हॉलचे दिवे चांगले लख्ख ठेवा, जेवण साडेसहाचं असेल तर आठकडे न्या, आणि टीव्हीसमोरची ती साडेसातची डुलकी मोडा, प्रेमाने पण मोडा, कारण त्या अर्ध्या तासात रात्रीची झोपेची भूक संपते. पहाटे उठलेच तर बाथरूमपर्यंत पायाशी लावतात तो बारका पिवळा दिवा ठेवा, अंधारात पडायला नको, पण ट्यूब नको. सकाळी बाहेर जायचंच असेल तर आठ-साडेआठनंतर. म्हणजे तुमच्या घरात सकाळी तुम्ही बाहेर आणि संध्याकाळी बाबा बाहेर, आणि रात्री नऊपर्यंत हॉल त्यांचा उजेडाचा, तुम्ही त्या वेळी आपल्या खोलीत दिवे मंद करून बसा.

एक गोष्ट आपल्या भागाची. प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची आहे आणि पुणे त्याच्या बरंच पश्चिमेला, त्यामुळे सूर्याच्या हिशोबाने आपण घड्याळापेक्षा जवळपास ३५ मिनिटं मागे आहोत. मुंबईत तर बॉम्बे टाइम म्हणून वेगळी वेळच होती, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे, १९०६ मध्ये प्रमाणवेळ आल्यावरही ती १९५५ पर्यंत वापरात राहिली. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, तेव्हा त्या दिवसांत सहाच्या अलार्मने उठणाऱ्या शाळकरी पोरांना उजेडाचा काहीच आधार नसतो. चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आत भरवू नका असा आदेश राज्य सरकारने २०२४ मध्ये काढला तेव्हा मला मनापासून बरं वाटलं होतं, व्हॅनवाल्यांची आणि नोकरी करणाऱ्या आयांची अडचण खरी आहे तरीसुद्धा.

खाली एकीने विचारलंय की बाळाला कोवळ्या उन्हात धरतात ते मग चूक का. इंग्लंडमध्ये १९५० च्या दशकात रॉचफर्डच्या हॉस्पिटलात वॉर्ड आडनावाच्या एक सिस्टर कावीळ झालेल्या बाळांना बाहेर उजेडात न्यायच्या आणि त्यांच्याच लक्षात आलं की उजेड लागलेल्या भागाचा पिवळेपणा उतरतो, त्यातून आजची निळ्या दिव्याची फोटोथेरपी आली. एका नर्सच्या नजरेतून हे निघालं याचा मला अभिमान वाटतो. पण बाळ पिवळं दिसत असेल तर घरी उन्हात धरून वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा, बिलिरुबिन, म्हणजे काविळीत रक्तात साठणारं पिवळं द्रव्य, फार वाढलं तर मेंदूला इजा होते.

नाइट ड्युटीवाल्यांसाठी सगळंच उलटं करावं लागतं, सकाळी घरी येताना गॉगल, खोलीत जाड पडदे, उजेड ड्युटीच्या पहिल्या भागात. गाडी चालवताना झोप येत असेल तर मात्र गॉगल नको आणि खरं तर गाडीच नको.

तुमच्या बाबतीत थांबण्याआधी तीन गोष्टी. बाबा पहाटे उठतात तेव्हा मन उदास असतं का, जेवणावरची वासना कमी झालीय का, कशात रस वाटत नाही असं होतंय का, हे शांतपणे विचारा, कारण पहाटे लवकर जाग येणं हे डिप्रेशनचं लक्षण असू शकतं आणि तिथे नुसत्या संध्याकाळच्या फेरीवर भागत नाही. जोरात घोरणं, मध्येच श्वास अडकल्यासारखा होणं असेल तर झोपेची तपासणी करून घ्या. आणि घरात कुणाला बायपोलरचा त्रास (मन कधी फार उदास, कधी अति उत्साही होतं तो आजार) असेल तर १०,००० लक्सचे ते ऑनलाइन मिळणारे दिवे डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका, उजेडाने मॅनिया, म्हणजे तो अति उत्साहाचा झटका, उसळू शकतो.

बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय का तेवढं लिहा. वयाने भिंग पिवळं पडतं आणि निळसर उजेड आत कमी पोचतो, तसं असेल तर संध्याकाळी त्यांना जास्त वेळ बाहेर बसावं लागेल, ऑपरेशन झालं असेल तर मी सांगितलेल्या वेळा पुरतील.