लिओपोल्डचं 'अ सँड काउंटी अल्मनॅक' कुठून वाचायला सुरुवात करावी?

अमेरिकन निसर्गलेखक आल्डो लिओपोल्डचं हे निबंधांचं पुस्तक, त्याचा पहिला भाग महिन्यांप्रमाणे लिहिलेला. पहिल्या पानापासूनच वाचायचा हट्ट धरू नका. थेट फेब्रुवारीचं प्रकरण काढा. विजेने मेलेला ओक कापताना करवत खोडातलं वाढीचं एकेक वर्तुळ (म्हणजे एकेक वर्ष) मागे जाते आणि कोणत्या वर्षी काय नष्ट झालं ते सांगत लेखक १८६५ पर्यंत पोचतो. अख्खा इतिहास लाकडाच्या भुशातून! उपदेश जवळपास नाहीच.

मग लांडगिणीचा निबंध. तरुणपणी त्याने स्वतः तिच्यावर गोळ्या झाडल्या होत्या. लांडगे संपले की हरणं डोंगर बोडका करतात, हे त्याला नंतर उमगलं. शेवटचा 'लँड एथिक' (जमिनीशी कसं वागावं याची नीती) जड आहे, सावकाश घ्या.

साध्या राहणीसाठी लोक थोरो सुचवतात, वॉल्डन तळ्याकाठी खोपीत राहून त्यावर पुस्तक लिहिणारा अमेरिकन लेखक. मला लिओपोल्ड जवळचा वाटतो. थोरो दोन वर्षांनी तळं सोडून गावात परतला. याने १९३५ मध्ये विस्कॉन्सिनमधली कस गेलेली शेती घेतली, कोंबड्यांच्या खुराड्याची खोपी केली आणि बायकामुलांसह दरवर्षी हजारो रोपं लावली. (बरीचशी दुष्काळात जळाली, तरी लावली.) १९४८ मध्ये शेजाऱ्याच्या शेतातली आग विझवताना तो गेला, पुस्तक १९४९ मध्ये आलं.