पदवीनंतरचं तीन वर्षांचं एलएल.बी.: त्यातलं ‘प्रॅक्टिकल’ कोर्टात कामाला येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदूरला बी.कॉम. झालंय, आता लॉ करायचंय. ऑस्ट्रेलियात काही विद्यापीठांच्या डिग्रीतच वकिलीचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग असतं असं वाचलंत. आपल्याकडे तसं आहे का, आणि असेल तर त्या जोरावर कोर्टात उभं राहता येईल का?

आहे. उभं राहता येईल का, हे मात्र त्या प्रॅक्टिकलच्या तासांना तुम्ही कुठे होतात यावर आहे. मी इथल्या, म्हणजे इंदूरच्या, जिल्हा न्यायालयात दिवाणी दावे आणि चेक बाउन्सची कामं करतो. सुट्ट्या लागल्या की ऑफिसात लॉची मुलं इंटर्नशिपला येतात, त्यामुळे दोन्ही प्रकारची पाहिलीत: शिकून जाणारी आणि सही-शिक्का घेऊन जाणारी.

ऑस्ट्रेलियात सहसा आधी डिग्री आणि मग वेगळं ट्रेनिंग असतं, काही विद्यापीठं दोन्ही एकत्र देतात. आपल्याकडे वेगळं ट्रेनिंग आणायचा प्रयत्न झाला होता. बार कौन्सिलने (वकिलांची नियामक संस्था) १९९५ साली सनदेआधी, म्हणजे वकिलीच्या परवान्याआधी, वर्षभराची उमेदवारी सक्तीची केली. १९९९ मध्ये व्ही. सुदीर खटल्यात सुप्रीम कोर्टाने ते नियम रद्द केले, कारण ॲडव्होकेट्स ॲक्टने कौन्सिलला तो अधिकारच दिलेला नव्हता. म्हणजे शिकायचं ते डिग्रीतच, नाहीतर सनद मिळाल्यावर अशिलाच्या जिवावर.

डिग्रीत चार प्रॅक्टिकल पेपर सक्तीचे आहेत: ड्राफ्टिंग, वकिलीची नीतिमत्ता आणि हिशेब, लवाद-मध्यस्थी, आणि मूट कोर्ट (सरावाचा लुटुपुटुचा खटला) व इंटर्नशिप. लवाद-मध्यस्थीवर वेळ घालवत नाही, एखादी लोकअदालत गाठून दिवसभर बसा, निम्मा पेपर तिथेच कळतो. नीतिमत्तेचा पेपर पाठ करूनही निघतो, पण अशिलाच्या पैशाचा हिशेब वेगळा ठेवायचा हा भाग लक्ष देऊन वाचा. पुढे बार कौन्सिलकडे तक्रारी होतात त्या बहुतेक पैशावरूनच.

ड्राफ्टिंगमध्ये दावे-अर्ज-जवाबांचे १५ आणि दस्तऐवजांचे १५ मसुदे लिहायचे असतात. पंधराच्या प्रत्येक गटाला मिळून ४५ गुण, तोंडी परीक्षेला १०. आता गंमत बघा, हे तीस मसुदे झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतात, तेही कुणाच्या तरी वळणदार अक्षरात. उतरवले की गुण पडतात. असा उतरवलेला मुलगा माझ्याकडे आला की मी त्याला फक्त एक विचारतो: या दाव्यात वादकारण, म्हणजे दावा करायचं कारण, कोणत्या तारखेला उद्भवलं? बहुतेक वेळा पुढे शांतता. दाव्याला मुदतीची अडचण आहे की नाही हे त्या एका ओळीवर ठरतं, आणि उतरवताना नेमकी तीच ओळ नजरेआड होते. निदान पाच मसुदे खऱ्या फाइलवरून करा. वकील फाइल घरी देणार नाही, देऊही नये. ऑफिसात बसून वाचायची, नावं बदलून मसुदा करायचा.

खरी मेख चौथ्या पेपरात आहे. त्यात तीन मूट कोर्टांना ३० गुण, एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला प्रत्यक्ष पाहून नोंदी ठेवायला ३०, अशिलाच्या मुलाखती व दावा दाखल करण्याची तयारी पाहायला ३०, आणि उरलेले १० तोंडी परीक्षेचे. मूट कोर्टला मुलं कोट घालून फोटो काढतात ते ठीकच आहे. माझ्या मते सगळ्या डिग्रीचं मोल खटला पाहण्याच्या त्या ३० गुणांत आहे, आणि नेमके तेच घरबसल्या लिहिले जातात.

पाहायचं काय, ते सांगतो. चेकच्या केसमध्ये फिर्यादीची प्रतिपरीक्षा, म्हणजे उलटतपासणी, चालू आहे. वकील विचारतो, पैसे रोख दिले का? हो. बँकेतून काढले होते? नाही, घरात होते. आयकराच्या विवरणात दाखवलेत? साक्षीदार आपल्या वकिलाकडे बघतो. इथे तुम्ही साक्षीदाराकडे बघू नका, न्यायाधीशांकडे बघा. ते टायपिस्टला हिंदीत सांगतात, ‘यह कहना सही है कि...’ प्रश्नोत्तरांतून एक सलग वाक्य तयार होतं आणि रेकॉर्डवर जातं. वरच्या कोर्टात हेच वाक्य वाचलं जाणार, साक्षीदाराचा पडलेला चेहरा तिथे कुणाला दिसणार नाही. चांगला वकील त्या क्षणी कान टवकारून उभा असतो आणि एक शब्द जरी सरकला तरी ‘सर, ऐसा नहीं कहा’ म्हणतो. हे वर्गात शिकवता येत नाही. एकाच खटल्याच्या लागोपाठच्या पेश्या (तारखा) पकडा, रोज नवी कोर्टरूम धुंडाळू नका.

सध्या आणखी एक फायदा आहे. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले, पण त्याआधीच्या गुन्ह्यांना भारतीय दंड संहिताच लागते. त्यामुळे एकाच दिवशी एका टेबलावर ४२० ची फाइल आणि दुसऱ्यावर ३१८ (४) ची, म्हणजे फसवणुकीच्याच नव्या कलमाची, फाइल दिसते. जुने-नवे दोन्ही बेअर ॲक्ट (कायद्याचा नुसता मूळ मजकूर) जवळ ठेवा.

इंटर्नशिप तीन वर्षांच्या कोर्सला एकूण किमान १२ आठवडे लागते. एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही, आणि ट्रायल व अपील या दोन्ही पातळ्यांवरच्या वकिलांकडे एकदा तरी काम केलेलं असावं लागतं. इथे इंदूरकरांची चैन आहे. बडोद्याच्या मुलाला हायकोर्टासाठी अहमदाबाद गाठावं लागतं, आपल्याकडे खंडपीठ एम.जी. रोडवरच. खाली हिंदीत काम चालतं, वर इंग्रजीत, म्हणजे दोन्ही हात साफ होतात. मराठी घरातल्या मुलांना हिंदी बोलण्याची अडचण नसते, पण लिखाणात ‘वादपत्र’ (दावा), ‘जवाबदावा’ (दाव्याला उत्तर), ‘तलवाना’ (समन्स बजावणीची फी) यांची सवय करावी लागते. ती मुंशीजींच्या, म्हणजे वकिलाच्या कारकुनाच्या, शेजारी बसून होते. मुंशीजींना ‘मला शिकवा’ म्हणायला लाजू नका. वकालतनाम्यावर कोणतं तिकीट, इंडेक्स कसा, कोणत्या खिडकीवर काय, हे त्यांना वकिलापेक्षा जास्त ठाऊक असतं.

पहिली इंटर्नशिप मोठ्या नावाकडे करू नका असंच सांगेन. तिथे तुम्ही बॅग उचलाल आणि निकाल शोधाल. ज्याच्याकडे दोनच ज्युनिअर आणि भरपूर पेश्या आहेत, असा मधला वकील धरा. तो तुम्हाला तारीख घ्यायला पाठवेल, अशील आल्यावर बाहेर घालवणार नाही.

कॉलेज निवडताना निकालाच्या टक्केवारीपेक्षा वेळ बघा. बार कौन्सिलच्या नियमांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वर्ग घेता येत नाहीत, आणि हजेरी ७० टक्के लागते. म्हणून सकाळी वर्ग संपवणारं कॉलेज मिळालं तर दुपारची कोर्टं हाती येतात. नोकरी करत ‘नॉन-अटेंडिंग’ (वर्गात न जाता) करू असं कुणी सुचवत असेल तर त्याला नमस्कार करा.

पुढचं थोडक्यात. डिग्रीनंतर तात्पुरती सनद, मग ऑल इंडिया बार एक्झाम. खुल्या वर्गाला ४५ टक्के लागतात. सनदेची फी सामान्य वर्गाला ७५० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये ठरवलंय. ज्युनिअरला शहरात महिना २०,००० द्यावेत अशी बार कौन्सिलची शिफारस आहे, पण ती शिफारसच आहे, घरचं गणित तिच्यावर मांडू नका. आणि सिव्हिल जजची परीक्षा मनात असेल तर २० मे २०२५ च्या निकालाने तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आलीय, ती तात्पुरत्या सनदेच्या तारखेपासून मोजतात. म्हणजे डिग्री संपताच कोचिंगमध्ये बसून जज होण्याची वाट बंद.

प्रवेश घेण्याआधी कामकाजाच्या एखाद्या दिवशी अकरानंतर जिल्हा न्यायालयात या. सुनावणी सहसा खुली असते, मागच्या बाकावर बसायला कुणी अडवत नाही. फक्त फोन सायलेंटवर ठेवा.