सहा महिन्यांचे प्रमाणपत्र आणि दोन वर्षांचे बी.एड.

2024 च्या जूनमध्ये, मृगाच्या पहिल्या सरी होऊन गेल्यावर, देवगडकडच्या एक बाई आपल्या सासऱ्यांना घेऊन कणकवलीला माझ्याकडे सल्ल्यासाठी आल्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वय 31, रसायनशास्त्रात एम.एस्सी., पाच वर्षांचा मुलगा. आंब्याच्या हंगामात कॅनिंगच्या कारखान्यातील प्रयोगशाळेत रसाची गोडी आणि आंबटपणा तपासायचा आणि उरलेले वर्ष घरी दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घ्यायच्या, असा त्यांचा सहा वर्षांचा क्रम होता. शिकवण्यांना मुले दुरून येत, निकाल चांगला लागे, आणि त्यामुळेच गावातला प्रत्येक जण त्यांना विचारी की तुम्ही शाळेत का लागत नाही. त्यांचा माझ्यापुढचा प्रश्न पदवीधरांकडून मी वारंवार ऐकलेला होता: कमीत कमी काळात कोणते प्रमाणपत्र घेतले म्हणजे शिक्षिका होता येईल?

उत्तर त्यांना आधीच कोणीतरी दिले होते. परराज्यातील एका संस्थेच्या नावाने एक एजंट घरी येऊन गेला होता. घरबसल्या, हजेरीशिवाय, सहा महिन्यांत शिक्षकाचे प्रमाणपत्र, असे त्याचे आश्वासन होते. हंगामातल्या कमाईतून पहिला हप्ता गेला होता आणि बी.एस्सी. व एम.एस्सी.च्या मूळ गुणपत्रिकाही त्याच्याच ताब्यात होत्या. सासरे बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "सा म्हयन्यात सर्टिफिकेट गावता म्हणतत, मगे दोन वर्सां कित्याक घालवची?"

मी त्यांना प्रथम एवढेच सांगितले की बाकीचे बोलणे नंतर करू, आधी मूळ गुणपत्रिका परत आणा. अडकलेला हप्ता पुढे कधीतरी भरून निघेल, परंतु मूळ कागद दुसऱ्याच्या कपाटात असताना कोणत्याही खऱ्या प्रवेशप्रक्रियेत कागदपत्रांची पडताळणी होऊ शकत नाही.

त्यानंतर "सहा महिने" हा आकडा कोठून आला ते मी समजावून सांगितले, कारण अशा फसवणुकीत एक खरी गोष्ट दडलेली असते आणि तिच्यामुळेच शहाणी माणसेही फसतात. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने 28 जून 2018 च्या अधिसूचनेने बी.एड. झालेल्यांना पहिली ते पाचवीसाठी पात्र धरले होते, मात्र नियुक्तीनंतर सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम पूर्ण करण्याची अट घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2023 रोजी बी.एड.धारकांची ही पात्रता मान्य करण्यास नकार दिला आणि प्राथमिक वर्गांसाठी डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षकांची पदविका हीच अर्हता राहिली. त्या तारखेपूर्वी नेमल्या गेलेल्यांना एप्रिल 2024 मध्ये संरक्षण मिळाले, त्यामुळे सेतू अभ्यासक्रमाचे नाव चर्चेत राहिले. तो आधीच नोकरीत असलेल्या, आधीच बी.एड. असलेल्या शिक्षकांसाठी आहे. ज्याच्याजवळ अध्यापनाची कोणतीच पदवी किंवा पदविका नाही, त्याला त्याचा काडीचाही उपयोग नाही.

"एका वर्षात होते" हा समजही असाच अर्धा खरा आहे. 2015 पूर्वी आपल्याकडे बी.एड. एका वर्षाचेच होते, आणि गावातील निवृत्त गुरुजींच्या आठवणीत तेच असते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी असणाऱ्यांसाठी एका वर्षाच्या बी.एड.चा उल्लेख आहे. पण धोरणातल्या वाक्यावर विसंबून वर्ष वाया घालवू नये, प्रत्यक्षात ज्याला प्रवेश मिळतो तोच अभ्यासक्रम हिशेबात धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. बाईंचे दीर इंग्लंडमध्ये असतात; तिकडे पदवीनंतर एका वर्षात पीजीसीई होते, असे त्यांनी कळवले होते. ते बरोबरच आहे. तरी तिथेही पीजीसीई हे विद्यापीठाचे प्रमाणपत्र असून शिक्षक म्हणून मान्यता देणारा क्यूटीएस हा दर्जा वेगळा असतो, आणि त्या एका वर्षाचा मोठा भाग शाळांच्या वर्गांतच जातो.

आपल्या राज्यात "शिक्षकाचा परवाना" असा एकच कागद मिळत नाही. तीन निरनिराळ्या गोष्टींना लोक सरसकट प्रमाणपत्र म्हणतात आणि घोटाळा तिथेच होतो. बी.एड. किंवा डी.एल.एड. ही प्रशिक्षणाची अर्हता आहे. पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेकडून होणारी टीईटी ही पात्रता परीक्षा आहे; पहिला पेपर पहिली ते पाचवीसाठी आणि दुसरा सहावी ते आठवीसाठी असून 150 पैकी 60 टक्के, म्हणजे 90 गुण लागतात, राखीव प्रवर्गांना 55 टक्के पुरतात, आणि एकदा मिळालेली पात्रता आता आजीवन ग्राह्य असते. तिसरी टेट, म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, ही केवळ गुणवत्तेसाठी आहे: 200 प्रश्न, 120 मिनिटे, आणि तिच्या गुणांवर शासनाच्या शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून निवड. ती 2017 नंतर थेट 2023 मध्ये आणि पुढे 2025 मध्ये झाली. टीईटी आणि टेट या नावांच्या सारखेपणामुळे चुकीच्या परीक्षेची पुस्तके विकत घेतलेले उमेदवार मी पाहिले आहेत.

टीईटीचे नंतर पाहू, आधी एखाद्या संस्थेच्या शाळेत चिकटू, हा सल्लाही बाईंना मिळाला होता. 1 सप्टेंबर 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, सेवेची पाच वर्षांहून अधिक मुदत उरलेल्या कार्यरत शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होण्यास सांगितले, तेव्हा तो सल्ला देणारेच अभ्यासाला बसले असतील.

मग मी त्यांना विचारले, की तुम्हाला नेमक्या कोणत्या वर्गापुढे उभे राहायचे आहे? त्यांच्या मनात गावातली जिल्हा परिषदेची शाळा होती, कारण ती घराजवळ होती. त्या शाळेच्या प्राथमिक वर्गांसाठी बी.एड. चालत नाही, आणि एम.एस्सी. असलेल्या व्यक्तीने पुन्हा दोन वर्षांचे डी.एल.एड. करायचे तर तिला लहान मुलांना वाचायला शिकवण्याची खरी ओढ हवी. शिवाय आमच्या सिंधुदुर्गातील कितीतरी वाड्यांवरच्या शाळांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मुले उरली आहेत. बाईंना रसायनशास्त्र शिकवायचे होते. त्यांच्या शिक्षणाला सहावी ते आठवीचे गणित-विज्ञान, नववी-दहावीचे विज्ञान आणि अकरावी-बारावीचे रसायनशास्त्र जुळत होते. या सर्वांना बी.एड. चालते, टीईटीची अट मात्र आठवीपर्यंतच्या वर्गांना आहे. बी.एस्सी.ला 47 टक्के असल्याची त्यांना लाज वाटत होती आणि एजंटाने त्यावरच बोट ठेवले होते. परंतु राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या नियमानुसार पदवी किंवा पदव्युत्तर पदवी यांपैकी एकीत 50 टक्के पुरतात, आणि एम.एस्सी.ला त्यांना 58 टक्के होते.

राहिला वेळेचा आणि पैशाचा प्रश्न, आणि तो खरोखरच अवघड होता. बी.एड.ला सिद्धान्त व प्रात्यक्षिकांना 80 टक्के आणि आंतरवासितेला, म्हणजे शाळेतल्या प्रत्यक्ष सरावाला, 90 टक्के उपस्थिती लागते, आणि दोन वर्षांत मिळून किमान 20 आठवडे शाळेत काढावे लागतात. याचा अर्थ कॅनिंगचे दोन हंगाम जवळजवळ बुडणार. पुढे निवड झाली तरी पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर, म्हणजे 2023 च्या सुधारणेनुसार माध्यमिकला 18 हजार आणि उच्च माध्यमिकला 20 हजार रुपये महिना. हे आकडे मी सासऱ्यांसमोरच मांडले, कारण घरातल्यांना नंतर कळलेला खर्च सुनेच्या माथी मारला जातो. सरळसेवेची कमाल वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला 38 आणि मागासवर्गीयांना 43 आहे, तेव्हा 31 व्या वर्षी उशीर झालेला नव्हता. मात्र एजंटाच्या नादी लागून आणखी दोन वर्षे गेली असती तर झाला असता. त्या वर्षीची बी.एड. सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, आधीच होऊन गेली होती. तेव्हा पुढचा हंगाम पूर्ण करून शुल्कापुरते पैसे बाजूला ठेवावेत, सीईटी द्यावी आणि महाविद्यालयाला त्याच राष्ट्रीय परिषदेची मान्यता असल्याचे स्वतः तपासून मगच पसंतीक्रम भरावा, असे ठरले. शिकवण्या संध्याकाळच्या असल्याने त्या बंद कराव्या लागणार नव्हत्या.

गुणपत्रिका तिसऱ्या खेपेला परत मिळाल्या, त्याही सासरे स्वतः जाऊन बसले तेव्हा. हप्ता बुडाला. 2025 मध्ये बाईंना प्रवेश मिळाला. पहिल्या काही सराव पाठांनंतर त्या जराशा हिरमुसून बोलल्या होत्या: सहा वर्षे शिकवण्या घेतल्यामुळे आपल्याला शिकवता येते अशी त्यांची खात्री होती, आणि निरीक्षक अध्यापिकेने टाचणवहीत शेरा लिहिला होता की प्रश्न विचारून त्याचे उत्तरही तुम्हीच देता.

अलीकडेच त्यांचा फोन आला तो टीईटीच्या दुसऱ्या पेपरविषयी. गणित-विज्ञानाच्या 60 गुणांची त्यांना धास्ती नाही; बालमानसशास्त्र आणि इंग्रजी यांच्या प्रत्येकी 30 गुणांची आहे. त्यासाठी त्या शनिवारी येणार आहेत. या वेळी सासरे सोबत नाहीत, त्यांना नातवाला सांभाळायचे आहे.