डाव्या तळव्यातली उजवी मूठ

प्रिय विद्यार्थिनी,

कराटेतला 'जिओन' काता (ठरलेल्या हालचालींची मालिका) सुरू करताना उजवी मूठ डाव्या तळव्यात धरून हनुवटीपुढे आणतो, ते कशासाठी, असं तू विचारलंस. बुनकाईत, म्हणजे कातातल्या हालचालींचा प्रत्यक्ष लढतीतला उपयोग बघताना, त्या जागी कुठला डाव बसत नाही, म्हणून तुला तो भाग निव्वळ शोभेचा वाटतो. माझ्या मते कातातली सगळ्यात जुनी गोष्ट तीच असावी, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शोधलंस तर एक कथा लगेच सापडेल. मूठ म्हणजे सूर्य, तळवा म्हणजे चंद्र. चिनी लिपीत ही दोन चिन्हं शेजारी आली की 'मिंग' होतं. १६४४ साली मिंग घराणं कोसळलं आणि मांचूंच्या छिंग सत्तेविरुद्ध लढणारे या खुणेने एकमेकांना ओळखू लागले, असं म्हणतात. कथा देखणी आहे, पण सनावळी लावून बघ. ज्या तिएनतीहुई या गुप्त मंडळीशी ती जोडली जाते, ती फुचिएन प्रांतात १७६० च्या दशकात उभी राहिली. तोवर मिंग घराणं जाऊन शंभरावर वर्षं झाली होती. छिंग दप्तरातल्या कबुलीजबाबांवर काम केलेले अभ्यासक सांगतात की सुरुवातीचे सभासद बहुतेक गरीब, पोटासाठी परमुलखात गेलेले, अडीअडचणीला एकमेकांना धरून राहणारे होते. हाताच्या खुणा त्यांच्यात होत्याच. चहा किंवा तंबाखू तीन बोटांनी घेतली की माणूस आपला. मिंग परत आणण्याची भाषा मात्र पुढे ठळक झाली.

हातावर हात ठेवून आदर दाखवायची रीत याहून कितीतरी जुनी. 'लीजी' या प्राचीन आचारग्रंथातला एक प्रसंग मला फार आवडतो. कन्फ्यूशियस शिष्यांबरोबर उभा होता, जुळवलेल्या हातांत उजवा वर. शिष्यांनी पाहिलं आणि तसंच केलं. तेव्हा तो म्हणाला, तुम्हाला शिकायची केवढी हौस! पण मी असा उभा आहे तो बहीण वारली म्हणून. शिष्यांनी डावा हात पुन्हा वर घेतला. आपल्याकडे श्राद्धात जानवं अपसव्य करतात, तसा तिथे उजवा हात वर घेणं हे शोकाचं लक्षण. घाईत तू कधी कधी डावी मूठ उजव्या तळव्यात घेतेस, म्हणजे उजवा हात वर येतो, तेव्हा मी का थांबवतो, ते आता कळेल.

हे अभिवादन कराटेचं माहेर असलेल्या ओकिनावा बेटावर पोचायला बंडखोरांची गरज नव्हती. १३७२ पासून तिथल्या र्‍युक्यू राज्याचे राजे मिंग दरबाराकडे नजराणे पाठवत होते. पुढे त्यांचे लोक फुचिएनमधल्या फुचौ बंदरात उतरत, आणि ओकिनावातल्या नाहा बंदराजवळच्या कुमे वस्तीत फुचिएनहून आलेल्या घराण्यांचे वंशज हा सगळा व्यवहार सांभाळत. चिनी शिष्टाचार दरबारात आणि बंदरात रोजचा होता. मूठ-तळव्याचं अभिवादन याच वाटेने आलं असावं, असं माझं मत.

दोन हातांचा त्रिकोण करून आकाशाकडे बघत सुरू होणाऱ्या 'कांकू दाई' या काताचंही असंच. १७६२ साली र्‍युक्यूचं एक जहाज भरकटून जपानच्या तोसा प्रांताला लागलं. तिथे उतरवून घेतलेल्या हकिकतीत या कातामागचा मानला जाणारा चिनी माणूस भेटतो: एक हात छातीपाशी राखून दुसऱ्याने डाव करणारा, पायांचा चांगला उपयोग करणारा. त्या त्रिकोणाबद्दल त्यात अक्षर नाही. ती मुद्रा मन लावून कर, पण पुरावा म्हणून सांगू नकोस.

'जिओन' नावाचंच देऊळ चीनमधल्या शीआन शहरात आहे. आपल्या महाराष्ट्राबद्दल लिहून ठेवणाऱ्या ह्युएनत्संगाने परत गेल्यावर तिथे भाषांतरं केली. रेघ सरळ जोडायचा मोह मलाही होतो, पण जुळतं ते फक्त नाव.

आजच्या चिनी वूशूत याच अभिवादनाच्या चार सरळ बोटांना नीती, बुद्धी, शरीर आणि सौंदर्य असे अर्थ दिले आहेत, आणि ते अगदी अलीकडचे. अर्थ असे मागाहून चढत जातात, आणि त्यात वाईट काही नाही. परीक्षेत कुणी विचारलं तर 'चिनी पद्धतीचं जुनं अभिवादन' एवढं सांग. सूर्य-चंद्राची कथा सांगितलीस, तर ती कथा आहे हेही सांग.

रविवारी 'जित्ते' आणि 'बस्साई दाई' हे दोन काता पाठोपाठ करून ये. 'जित्ते'त हीच मुद्रा येते. 'बस्साई'तली झाकलेली मूठ मात्र तिथेच थांबत नाही. लगेच झेप येते आणि दुसऱ्या हाताच्या आधाराने बचाव होतो. तिथे बुनकाईला जागा आहे. जोडीदार घेऊन ये, करून बघू.

तुझा,
सर