अंतराळाच्या कायद्यात वकिली करू पाहणाऱ्या विद्यार्थिनीस

बडोदे

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. दूरसंचार, तंत्रज्ञान आणि अंतराळ याच विषयांत वकिली करायची असे ठरवून तू परदेशातील अभ्यासक्रमाविषयी विचारले आहेस. अभ्यासक्रमाचे नंतर पाहू. आधी हे ध्यानात घे की, भारतात अंतराळासाठी संसदेने केलेला स्वतंत्र कायदा अजून नाही. २०१७ साली विधेयकाचा मसुदा निघाला, तो तिथेच राहिला. आजचे काम चालते ते २०२३ चे अंतराळ धोरण, खासगी अंतराळ उद्योगाला परवानगी देणाऱ्या इन-स्पेस या सरकारी संस्थेची २०२४ ची कार्यपद्धती, दूरसंचार कायदा, परकीय गुंतवणुकीचे नियम आणि पक्षकारांमधील करार यांच्या आधारे. लोक ज्याला मोठ्या कौतुकाने अंतराळ कायदा म्हणतात, तो वकिलाच्या टेबलावर येतो तेव्हा बहुतेक वेळा परवान्याची एखादी अट किंवा नुकसानभरपाईचे एखादे कलम असतो.

त्या कलमामागे मात्र आंतरराष्ट्रीय कायदा उभा असतो. १९६७ च्या बाह्य अंतराळ कराराच्या सहाव्या कलमाप्रमाणे खासगी कंपनीच्या अंतराळातील उद्योगाचीही जबाबदारी तिच्या देशावर येते, आणि १९७२ च्या दायित्व करारानुसार उपग्रहामुळे जमिनीवर नुकसान झाले तर प्रक्षेपण करणाऱ्या देशाची चूक सिद्ध करावी लागत नाही. १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा अणुभट्टी असलेला कॉसमॉस ९५४ हा उपग्रह कॅनडात कोसळला. कॅनडाने सुमारे ६० लाख डॉलर मागितले आणि १९८१ मध्ये ३० लाखांवर तडजोड झाली. परवाना देताना सरकार कंपनीकडून हमी का मागते, हे यावरून समजेल.

खरा कस लागतो तो स्पेक्ट्रमच्या, म्हणजे बिनतारी संदेशांसाठीच्या वारंवारतेच्या पट्ट्यांच्या, प्रश्नात, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टू-जी मोबाइल सेवेचे १२२ परवाने रद्द केले आणि लिलावाचा आग्रह धरला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नांवर मत देताना, प्रत्येक नैसर्गिक संपत्तीचा लिलावच झाला पाहिजे असे संविधान सांगत नाही, असे त्याच न्यायालयाने स्पष्ट केले. पुढे २०२३ च्या दूरसंचार कायद्याने लिलाव हा नियम ठेवला, पण पहिल्या अनुसूचीत काही उपग्रह सेवांना प्रशासकीय वाटपाची, म्हणजे लिलावाविना सरकारने थेट पट्टा देण्याची, वाट दिली. का? मोबाइलचा सिग्नल चहूकडे पसरतो, म्हणून एका भागात एक पट्टा एकाच कंपनीला द्यावा लागतो. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. अलकापुरीतल्या एखाद्या गच्चीवरची डिश त्याच्याकडे अरुंद झोतात रोखलेली असते, आणि पलीकडच्या गच्चीवरची डिश थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या उपग्रहाकडे रोखून तीच वारंवारता वापरू शकते. जी वस्तू अनेकांना एकाच वेळी वापरता येते, तिचा लिलाव कसला करायचा? मोबाइल कंपन्यांचे उत्तर असे की, खालच्या कक्षेतील उपग्रहांचे इंटरनेट आमच्याच ग्राहकांना सेवा देणार असेल, तर नियमही सारखे हवेत. मला प्रशासकीय वाटपाची बाजू अधिक पटते, पण हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मुद्दा असा की, डिशचा झोत किती अरुंद असतो हे ज्याला ठाऊक नाही, त्या वकिलाला या वादात कोणत्याच बाजूने नीट उभे राहता येणार नाही. म्हणून अभियंत्यांशी मैत्री कर आणि न समजलेले निःसंकोच विचार.

दुसरे असे की, या क्षेत्रातले निम्मे खटले न्यायालयात पोहोचण्यापूर्वीच जिंकले किंवा हरले जातात. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, कन्सल्टेशन पेपर म्हणजे सल्लामसलतीचा कागद काढते, त्यावर लेखी मते आणि प्रतिमते मागवते, ओपन हाउस म्हणजे खुली चर्चा घेते आणि मग शिफारस किंवा विनियम करते. कॉल मध्येच तुटला की ग्राहकाला एक रुपया, दिवसाला फार तर तीन रुपये द्यावेत, असा विनियम ट्रायने २०१५ मध्ये केला; पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. कारणांत एक हेही होते की, ट्रायच्याच तांत्रिक टिपणात कॉल तुटण्याची जी कारणे नोंदली होती, त्यांतली काही कंपन्यांच्या हाताबाहेरची होती, आणि पारदर्शकतेची कायद्याने घातलेली अटही नीट पाळली गेली नव्हती. प्रतिपक्षाच्या कागदातूनच बाजू उभी राहते ती अशी. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या मूट कोर्टात, म्हणजे अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धेत, जरूर भाग घे. पण ढालीपेक्षा तुझे एक चांगले लेखी मत मला अधिक सांगून जाईल.

त्यासाठी आजच दिल्ली गाठण्याची गरज नाही. दूरसंचाराचे वाद ऐकणारे न्यायाधिकरण, टीडीसॅट, दिल्लीत आहे हे खरे, पण इन-स्पेसचे मुख्यालय अहमदाबादेत बोपळला, म्हणजे आपल्यापासून दोन-अडीच तासांवर आहे. शिवाय फायबरसाठी रस्ता खोदण्याच्या परवानगीचे आणि टॉवरच्या जागेचे वाद इथेच होतात, आणि १ जानेवारी २०२५ पासून त्यांना मार्गाधिकाराचे नवे नियम लागू आहेत. दोन-तीन वर्षे दिवाळीपुऱ्याच्या न्यायालयात पुरावा कसा नोंदवतात, उलटतपास कसा घेतात हे शिक. तेवढे शिकून परदेशी गेलीस तर तिथला अभ्यासक्रम अंगी लागेल. आधी गेलीस तर, माझ्या मते, पैसे पुष्कळ जातील.

तुझ्या बाबांना मिळकतीची चिंता वाटते असे लिहिलेस, आणि ती रास्त आहे. या विषयावर पूर्ण वेळ पोट भरणारे वकील आपल्या भागात थोडे आहेत. सुरुवातीला करार, भाडेपट्टे आणि वसुलीची कामे धरूनच चालावे लागेल, आणि ती कामे करार वाचायची सवय लावतात.

रविवारी दांडिया बाजारात घरी ये. ट्रायचा उपग्रह स्पेक्ट्रमवरचा एखादा कन्सल्टेशन पेपर निवडून त्यातल्या एकाच प्रश्नाचे दोन पानी उत्तर लिहून आण, आणि तुझ्या मताविरुद्धचा सर्वांत जोरदार मुद्दा पहिल्याच पानावर मांड. बाबांनाही घेऊन ये. त्यांच्याशी मी समोरच बोलेन.

कळावे,
तुझा शुभचिंतक